पसंतीक्रम तुम्हाला, एकच बटण आम्हाला

महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेल्या ४८ आणि राज्यसभेवर गेलेल्या १९ सदस्यांना,

स. न. वि. वि.

पत्र एकच आहे, पण तुम्ही ६७ जण दोन वेगळ्या वाटांनी दिल्लीत पोचलात. तुमच्यातल्या ४८ जणांना आम्ही बटण दाबून निवडलं. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो खासदार, बाकीच्यांची मतं गेली पाण्यात. उरलेल्या १९ जणांना आमदारांनी निवडलं, आणि आमदारांची मतं अशी पाण्यात जात नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८० मध्येच लिहून ठेवलंय की राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने, एकल संक्रमणीय मताने व्हावी. म्हणजे ज्यांना जितकी मतं त्या प्रमाणात जागा, आणि मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा; पहिल्याला मत नको असलं की ते पुढच्या पसंतीकडे सरकतं. राष्ट्रपतींची निवडणूकही याच पद्धतीने होते असं घटना म्हणते. (जागा एकच असताना प्रमाण कशाचं काढायचं, हा प्रश्न माझ्यातल्या गणिताच्या बाईला कायम पडत आलाय. असो.)

मी अकोल्याची. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून २०२१ मध्ये निवृत्त झाले. नोकरीत असताना निवडणुकीची ड्यूटी कधी चुकली नाही, चुकवता आली नाही म्हणा. त्यामुळे मतदान केंद्र आतून पाहिलंय, आणि विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची मतदार म्हणून पसंतीक्रमाची पत्रिकाही हातात धरलीय. या दोन अनुभवांच्या जोरावर, लोकसभेतही मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात हे सांगायला हे पत्र लिहितेय. पक्ष कुठलाही नाही.

आधी १० जून २०२२ ची रात्र आठवा. राज्यसभेच्या सहा जागा, सात उमेदवार. २८४ मतं वैध ठरली. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढायचा तर २८४ ला सातने भागायचं आणि किंचित वर जायचं, म्हणजे ४१ ला थोडं कमी. मोजणी पहाटेपर्यंत लांबली आणि मराठी वाहिन्यांवरचे निवेदक 'दुसऱ्या पसंतीची मतं' म्हणजे काय ते फळ्यावर समजावत बसले. मला तर वर्गात बसल्यासारखं वाटत होतं. पहिल्या पसंतीत शिवसेनेच्या संजय पवारांना ३३ मतं होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. निवडून आले महाडिक. बऱ्याच जणांना तो चमत्कार वाटला. चमत्कार काही नव्हता. भाजपच्या पहिल्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ४८ मतं पडली होती, कोट्यापेक्षा सात-सात जास्त. ती वरची मतं फुकट न जाता तिसऱ्याकडे सरकली आणि तो कोट्याच्या पार गेला.

आता बेरीज करा. एका बाजूला भाजपची ४८, ४८ आणि २७ मिळून १२३ मतं. दुसऱ्या बाजूला महाविकास आघाडीची ४४, ४३, ४१ आणि ३३ मिळून १६१. निकाल तीन विरुद्ध तीन. त्या रात्री जे हरले त्यांना चौथी जागा मिळवायला दोनच मतं कमी पडली, म्हणून ते हळहळले. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. लोकसभेसारखी 'ज्याची मतं जास्त, जागा त्याची' ही पद्धत तिथे असती, तर १६१ वाल्यांनी सहाच्या सहा जागा खिशात घातल्या असत्या आणि १२३ आमदारांचा एकही माणूस दिल्लीला गेला नसता. तसं झालं असतं तर विधान भवनाच्या पायऱ्यांवर केवढा गोंधळ उडाला असता! विरोधी पक्षाने त्याला लोकशाहीचा खून म्हटलं असतं, आणि बरोबरच म्हटलं असतं.

तोच प्रकार आमच्या मतांच्या बाबतीत दर पाच वर्षांनी होतो आणि त्याला 'जनतेचा कौल' म्हणतात.

२०१९ ची लोकसभा. बाळापूर तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत आमचं केंद्र होतं. एप्रिलचं ऊन, वर्गातला पंखा नावापुरता. मी मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा घ्यायचा आणि बोटाला शाई लावायची. दुपारी एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, हातात चिठ्ठी. बोट पुढे केलं आणि शाई लागताना मला विचारते, "बाई, पोरगा म्हंते आपल्यावाल्याले देशीन तं मत वाया जाईन. माह्यं मत काहून वाया जाईन? म्या तं सकाळपासून लाईनीत हाओ."

ड्यूटीवरच्या माणसाने अशा वेळी तोंड उघडायचं नसतं. मी शाईच्या बाटलीचं झाकण लावत बसले. केंद्राध्यक्षांनी "आजी, पुढे चला" म्हटलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती बराच वेळ उभी राहिली, मग यंत्राचा तो लांबलचक आवाज आला. तिने कुणाला दिलं, मला माहीत नाही. संध्याकाळी कंट्रोल युनिटचं 'क्लोज' बटण दाबून मतांच्या हिशेबाचा १७-सी फॉर्म भरताना एकूण मतांचा आकडा लिहिला, त्यात तिचं एक होतं. वाया जाणाऱ्या मतांसाठी त्या फॉर्मवर रकाना नसतो.

अकोल्याच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडे तिरंगी लढत ही पिढ्यांची सवय आहे. २०२४ मध्ये भाजपच्या अनुप धोत्रेंना साधारण ४ लाख ५७ हजार, काँग्रेसच्या अभय पाटलांना ४ लाख १६ हजार आणि वंचितच्या प्रकाश आंबेडकरांना २ लाख ७६ हजार मतं मिळाली. पाटील आणि आंबेडकर मिळून जवळजवळ सात लाख होतात. धोत्रे नियमाप्रमाणे निवडून आले, त्यांचा काही दोष नाही. पण दहातल्या सहा मतदारांनी त्यांना मत दिलं नव्हतं, आणि त्या सहांचा दिल्लीत कुणीच नाही.

या पद्धतीने आमची भाषासुद्धा बिघडवलीय. उमेदवार उभा 'राहत' नाही, उभा 'केला' जातो. तो मतं 'मिळवत' नाही, 'खातो'. आपल्याला जिंकायचं नसलं तरी दुसऱ्याला 'पाडायचं' असतं. जो पक्ष कुणाशी युती करत नाही तो आपोआप कुणाची तरी 'बी टीम' ठरतो. चहाच्या टपरीवर मतविभागणीचं गणित जेवढं चालतं तेवढं माझ्या वर्गात कधी चाललं नाही. माणूस विचार करतो तो 'मला कोण हवा' याचा नाही, 'शेजारी कुणाला देणार' याचा. आणि तिकीट वाटताना तुमचे पक्ष काय बघतात? निवडून येण्याची क्षमता. तिचा अर्थ जात, पैसा आणि साखर कारखाना किंवा शिक्षणसंस्था, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बरं, हा काटा एकाच बाजूला टोचतो असंही नाही. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचंही अंतर नव्हतं. दोघांनाही ४३ टक्क्यांच्या वर आणि ४४ च्या आत. जागा मात्र ३० आणि १७. राज्यात सगळ्यांत जास्त मतं भाजपला, २६ टक्क्यांच्या वर, आणि जागा ९. काँग्रेसला १७ टक्क्यांच्या आसपास मतं आणि जागा १३. मग महायुतीने रडायचं, आघाडीने पेढे वाटायचे. सहा महिने उलटायच्या आत विधानसभा झाली. तीत काँग्रेसला १२.४२ टक्के मतं आणि १६ जागा, एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मतं आणि ५७ जागा. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११.२८ टक्के आणि १० जागा, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्के आणि ४१ जागा. कोणी किती जागा लढवल्या यात फरक होता, हे मान्य. तरी मतं जास्त आणि जागा चौथा हिस्सा, हे कुठल्या हिशेबात बसतं? या वेळी रडणारे आणि पेढेवाले बदलले, एवढंच. यंत्राला दोष, याद्यांना दोष, सगळं झालं. पद्धतीचं नाव कुणी काढलं नाही, कारण पुढच्या खेपेला ती आपल्यालाच पावेल अशी प्रत्येकाला आशा असते.

२०२४ च्या लोकसभेत मुंबई वायव्यमध्ये तर रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. दोन्ही उमेदवारांना साडेचार लाखांवर मतं. ४८ मतं म्हणजे आमच्या कॉलेजची अकरावीची एक तुकडीसुद्धा नव्हे. तेवढ्यावर एकाला सगळं आणि दुसऱ्याच्या साडेचार लाख मतदारांना काही नाही.

देशाचा नकाशा घेतला तर आकडे आणखी टोकाचे होतात. १९८४ मध्ये काँग्रेसने निम्म्याहून थोडी कमी मतं घेऊन चारशेच्या वर जागा नेल्या. भाजपला सात टक्क्यांच्या पुढे मतं पडूनही जागा दोन. तीस वर्षांनी फासे उलटे पडले: २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांत २८२ जागा. त्याच निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला देशभर सव्वादोन कोटींहून जास्त मतं पडली, मतांच्या हिशेबाने तो देशातला तिसरा पक्ष होता, आणि लोकसभेत त्याचा एकही माणूस नव्हता. २०२४ मध्ये तामिळनाडूत द्रमुक आघाडीने ४७ टक्क्यांच्या आसपास मतांवर ३९ पैकी ३९ जागा घेतल्या. अण्णाद्रमुकला वीस टक्के आणि भाजपला अकरा टक्के मतं, दोघांनाही भोपळा. मध्य प्रदेशात भाजपने २९ पैकी २९. तिथे काँग्रेसला ३२ टक्के मतं होती. टीव्हीवर राज्यं एकाच रंगात रंगवून दाखवतात आणि आपणही मानायला लागतो की तिकडे दुसरं कुणी राहतच नाही. उत्तर-दक्षिण दरी म्हणतो त्यातला बराच भाग हा रंगवण्याचा आहे.

आता एक कबुली. हे पत्र लिहायच्या आधी मी लिफाफ्याच्या पाठीवर आमच्याच विभागाचं गणित मांडलं. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ-वाशिम या चार जागांचा मिळून एक मतदारसंघ केला आणि २०२४ ची मतं बेरजेला घेतली, तर काय झालं असतं? महायुती आणि आघाडी, दोघांचीही बेरीज अठरा लाखांच्या पुढेमागे. म्हणजे दोन-दोन जागा. प्रत्यक्षातही दोन-दोनच मिळाल्या! बुलढाण्यात अपक्ष रविकांत तुपकरांनी जवळजवळ अडीच लाख मतं घेतली होती, आमच्याकडे वंचितने पावणेतीन लाख. पण चार जागांचा कोटा नऊ लाखांच्या वर जातो, तिथपर्यंत त्यांच्यातलं कुणीच पोचत नाही. इतकी मेहनत करून उत्तर तेच आलं म्हणून मी खट्टू झाले. मग लक्षात आलं की मतदारसंघ फार छोटा घेतला. चार जागांत लहान पक्षाला वाव मिळत नाही. आठ-दहा जागांचा घ्यावा लागतो, विदर्भाच्या दहा जागांएवढा. शिवाय ही मतं जुन्या पद्धतीतली आहेत. 'वाया जाईन' ही भीती गेली की माणसं मत वेगळं देतील. किती वेगळं, ते लिफाफ्यावर निघत नाही.

तुम्ही लगेच बाबासाहेबांचं नाव घ्याल, म्हणून आधीच तिथे येते. ४ जानेवारी १९४९ रोजी संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली होती की लोकसभा बहुसदस्यीय मतदारसंघांतून प्रमाणशीर पद्धतीने निवडावी. म्हणजे ही मागणी पहिल्यांदा करणाऱ्यांत आमच्याकडचा माणूस होता. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांची मुख्य कारणं दोन: या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, ती आपल्याकडे नाही, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही, संसदीय पद्धतीत तर स्थिर सरकार हवं.

त्यांच्या शब्दापुढे बोलायला माझी जीभ अडखळते. पण ती कारणं त्या वेळच्या देशाकडे बघून दिलेली होती, आणि देश बदललाय का हे बघायला तेच शिकवून गेले. १९५१ मध्ये शंभरातले अठरा लोक साक्षर होते, २०११ मध्ये त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर. तरीही साक्षरता म्हणजे सगळं नव्हे, हे मी शिक्षक मतदारसंघात पाहिलंय. डिसेंबर २०२० मध्ये अमरावती विभागाची ती निवडणूक झाली तेव्हा पत्रिका वर्तमानपत्राएवढी होती, जांभळ्या शाईचा स्केच पेन दिला होता, आणि एम.एस्सी. बी.एड. झालेली माणसं आकड्याऐवजी बरोबरची खूण करून बाहेर येत होती. बाद! (तिथेही जागा एकच असते, त्यामुळे ते प्रमाणशीर प्रतिनिधित्व नव्हेच, फक्त पसंतीक्रम.) म्हणून सगळ्या देशाला १, २, ३ लिहायला लावा असा माझा हट्ट नाही. यादीच्या पद्धतीत पक्ष उमेदवारांची यादी देतो आणि मतांच्या प्रमाणात त्या यादीतून माणसं निवडून येतात; मतदाराने चिन्हासमोरचं एक बटण दाबायचं असतं, म्हातारीने दाबलं तसंच. त्याला किती साक्षरता लागते?

आणि एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी ही कल्पना परकी म्हणाल, तर पुण्याचा मतदार २०१७ मध्ये महापालिकेला चार बटणं दाबून आलाय. अ, ब, क, ड. फक्त तिथे चारही जागांची मोजणी वेगवेगळी होते, त्यामुळे ज्याचं पॅनल पुढे तो चारही नेऊ शकतो. मतदारसंघ मोठा केला आणि वाटणी मात्र जुनीच ठेवली! म्हणजे अवघड भाग लोकांनी शिकून घेतलाय, सोपा भाग सरकारनं करायचा राहिलाय.

स्थिरतेचं म्हणाल तर १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत देशात पाच लोकसभा निवडणुका झाल्या, याच पद्धतीने. जर्मनीत १९४९ पासून प्रमाणशीर निकाल देणारी पद्धत आहे. तिथे किमान पाच टक्के मतांची अट घालून चिल्लर पक्षांना दाराबाहेर ठेवलंय आणि सरकारं आपल्यापेक्षा कमी वेळा पडलीत. अर्थात उलट उदाहरणंही आहेत. नेदरलँड्समध्ये निवडणुकीनंतर सरकार जमवायला महिने लागतात, इस्रायलमध्ये दोन-चार जागांचे पक्ष मोठ्या पक्षाची मान धरतात. पण आपल्याकडे मान धरणारे काय आज नाहीत? फरक एवढाच की आपली फोडाफोड निकालानंतर होते आणि मतदाराला न विचारता होते.

मला सगळ्यांत बोलकं उदाहरण वाटतं ते शेजारच्या श्रीलंकेचं. १९७० मध्ये तिथे युनायटेड नॅशनल पार्टीला जवळजवळ ३८ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या १७. सिरिमावो बंदरनायके यांच्या पक्षाला त्याहून एक टक्का कमी, आणि जागा ९१. सात वर्षांनी लंबक फिरला. युनायटेड नॅशनल पार्टीला ५१ टक्के आणि १६८ पैकी १४० जागा. एवढं राक्षसी बहुमत हातात असताना त्या पक्षाचे नेते जयवर्धने यांनी १९७८ च्या राज्यघटनेत प्रमाणशीर पद्धत आणली. उदात्त हेतूने आणली असं मी म्हणणार नाही. आपण गेल्यावर दुसऱ्या कुणाला तसं बहुमत मिळू नये, हा हिशेब त्यात होता असं तिकडचे जाणकार सांगतात. हेतू काही असो, आज २२५ पैकी १९६ सदस्य जिल्ह्यांतून आणि २९ राष्ट्रीय यादीतून येतात. मतदार आधी पक्षाला मत देतो आणि मग त्या पक्षाच्या उमेदवारांतल्या तिघांपर्यंत पसंती नोंदवतो. तोटाही झाला: एकाच पक्षाचे उमेदवार पसंतीच्या मतांसाठी एकमेकांच्याच उरावर बसायला लागले, प्रचाराचा खर्च वाढला. पण २०२४ मध्ये जनतेला खरोखर मोठा बदल हवा होता तेव्हा नॅशनल पीपल्स पॉवर या आघाडीला ६१ टक्क्यांच्या वर मतं देऊन दोन तृतीयांशांहून जास्त जागा दिल्याच. या पद्धतीत मोठं बहुमत मिळत नाही असं नाही. ते मतांनी कमवावं लागतं.

ब्रिटनकडून आपण ही पद्धत घेतली, तिथे २०२४ मध्ये लेबर पक्षाला ३४ टक्क्यांहून कमी मतांत ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. न्यूझीलंडने तीच ब्रिटिश पद्धत वापरून पाहिली, १९७८ आणि १९८१ मध्ये दोनदा कमी मतांच्या पक्षाला जास्त जागा मिळाल्या, आणि १९९३ च्या सार्वमतात लोकांनी ती बदलून टाकली.

माझ्या मते खरा आक्षेप एकच आहे, आणि तो तुम्ही जाहीरपणे घेणार नाही. यादी कोण करणार? आपल्याकडे यादी म्हणजे हायकमांडचा वाडगा. वर मुलगा, खाली सून, मध्ये एक उद्योगपती. नेपाळमध्ये यादीच्या ११० जागांवर नेत्यांचे नातेवाईक घुसवल्याची ओरड दर वेळी होते. यावर उपाय म्हणजे यादी उघडी ठेवणं: मतदाराने पक्षाचं बटण दाबावं आणि त्या पक्षातल्या माणसाचंही, क्रम मतदाराने ठरवावा. घराणेशाही त्यानेही संपणार नाही. पण ती आजच्या पद्धतीत तरी कुठे कमी आहे? तुमच्या ४८ जणांची आडनावं वाचली तरी पुरे.

'मग आमचा खासदार कोण' असंही विचारलं जातं. अकोला मतदारसंघात १८ लाखांच्या वर मतदार आहेत. त्यातल्या किती जणांनी खासदाराला समोरासमोर पाहिलंय? आठ-दहा जागांच्या मतदारसंघात वेगवेगळ्या पक्षांचे खासदार असले तर माणूस आपल्याला ज्याचं दार उघडं वाटतं तिथे जाईल. आज पाच वर्षं एकच दार असतं, आणि ते विरोधात मत दिलेल्या गावाला बंद असू शकतं.

मी घटनाबदलाचा डोंगर तुमच्यापुढे ठेवत नाही. अनुच्छेद ८१ उघडून बघा. राज्यांची मतदारसंघांत विभागणी करताना मतदारसंघाची लोकसंख्या आणि 'त्याला नेमून दिलेल्या जागांची संख्या' यांचं प्रमाण सारखं ठेवा, असं तिथे आजही लिहिलंय. जागांची संख्या! प्रत्येक मतदारसंघाला एकच जागा असायची असती तर असं लिहायचं कारणच नव्हतं. १९५२ आणि १९५७ मध्ये दोन-दोन खासदारांचे मतदारसंघ होतेच. ते १९६१ च्या साध्या कायद्याने बंद झाले. जे साध्या कायद्याने गेलं ते साध्या कायद्याने परत येऊ शकतं, असं निदान मला तरी दिसतं. मी वकील नाही, चुकत असेन तर दाखवून द्या.

दुसरी वाट विधी आयोगाची. न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली १९९९ मध्ये आलेल्या १७० व्या अहवालाने सुचवलं होतं की लोकसभेच्या जागा पंचवीस टक्क्यांनी वाढवाव्यात आणि वाढीव जागा पक्षांच्या याद्यांतून मतांच्या प्रमाणात भराव्यात. म्हणजे साधारण १३६ जागा. तुमच्यापैकी कुणाचीही खुर्ची त्यात जात नाही! फक्त एक खाच आहे आणि ती बारकाईने वाचा. वाढीव जागा नुसत्या शेजारी ठेवून वाटल्या, तर आधीची विषमता तशीच राहते. त्या भरपाई म्हणून वाटायला हव्यात. महाराष्ट्राच्या ४८ ला १२ जोडल्या तर ६० होतात. २०२४ च्या मतांनी भाजपचा हिस्सा त्यात पंधरा-सोळा जागांचा. निवडून आले ९, म्हणजे यादीतून सहा-सात द्यायचे. काँग्रेसला हिश्श्यापेक्षा जास्त आधीच मिळाल्या, तिला यादीतून काही नाही. जर्मनी आणि न्यूझीलंडमध्ये यादीच्या जागा अशा भरपाईनेच वाटल्या जातात. नेपाळमध्ये नुसत्या शेजारी ठेवतात, म्हणून तिथे प्रमाण पूर्ण जुळत नाही.

आणि हे आत्ताच का, तर मतदारसंघांची फेररचना दारात उभी आहे. जागांची राज्यवार वाटणी १९७६ पासून गोठवलेली आहे. २००१ च्या घटनादुरुस्तीने तो बर्फ २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ठेवला. नव्या संसद भवनात लोकसभेसाठी ८८८ खुर्च्या आधीच मांडून ठेवल्यात. महिलांसाठी एक तृतीयांश जागांची १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली आणि तीही याच फेररचनेला बांधली गेली. आज तुमच्या ४८ मध्ये बायका ७ आहेत. राखीव मतदारसंघ फिरते ठेवले, तर एखाद्या बाईने पाच-दहा वर्षं राबून बांधलेला मतदारसंघ पुढे तिच्या हातून जाणार. यादीत बाई आणि पुरुष अशी एकाआड एक नावं ठेवायचा नियम केला, तर हा प्रश्नच येत नाही. नेपाळच्या संसदेत एक तृतीयांश बायका आहेत त्या बहुतेक यादीतून आलेल्या आहेत; थेट मतदारसंघातून २०२२ मध्ये तिथे नऊच जणी निवडून आल्या. आणि मतदारसंघांच्या रेघा एकदा नव्याने ओढल्या गेल्या की पुढची वीस-पंचवीस वर्षं कुणी हा कागद उघडणार नाही.

माझं मागणं छोटं आहे. फेररचनेचा कायदा सभागृहात येईल तेव्हा तुमच्यापैकी एकाने तरी उठून विचारावं की १७० व्या अहवालाचं काय झालं, आणि या विषयावर संयुक्त समिती नेमा असा आग्रह धरावा. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं, म्हणजे सरकारची नव्हे तर खासदाराची स्वतःची, मांडता येतात. १९७० नंतर तसं एकही विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेलं नाही, हे मला माहीत आहे, पण मांडलेलं कामकाजात राहतं. सुरुवात १९ जणांपैकी कुणी केली तर जास्त शोभेल. ज्या पद्धतीने तुम्ही निवडून आलात ती वाईट आहे असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

उत्तर पाठवणार असाल तर सोपं करून देते. तीन पर्याय लिहा: मोठे बहुसदस्यीय मतदारसंघ, यादीच्या वाढीव जागा, आहे तेच बरं. प्रत्येकासमोर पसंतीक्रमाचा आकडा टाका. फक्त पहिली पसंती दिलीत तरी पत्रिका वैध धरेन, नियम तसाच आहे. बरोबरची खूण मात्र नको. ती बाद होते.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
अकोला